सात न फिरवलेले स्क्रू

माझी मुलगी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. डॉक्टर तोंडाचा साचा पाठवतात, ही त्यावर मेण बसवते, दात लावते, घासूनपुसून चकचकीत करते आणि डबीत भरून परत पाठवते. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, ती माणसं तिला कधीच दिसत नाहीत. सोमवार ते शनिवार ती अनोळखी जबड्यांसमोर बसलेली असते. जबडे निदान उलट बोलत नाहीत, असं तिचं म्हणणं. रविवार मात्र तिचा नसतो, तो ग्रामोफोनचा असतो.

ग्रामोफोन म्हटलं की लोकांना मोठा कर्णा आठवतो. तिचे ते नव्हेत. तिचे बॅगेसारखे, हातात धरून नेण्याचे. झाकण उघडलं की आत लाकडी बोर्ड, त्याच्याखाली स्प्रिंगवर चालणारी मोटर, वर तबकडी, वळणाची दांडी, दांडीच्या टोकाला साउंडबॉक्स नावाची गोल डबी आणि झाकणात अडकवलेली चावी. वीज नको, काही नको. चावी भरायची आणि लावायचा. एके काळी लोक ते सहलीला घेऊन जायचे. आता ते माळ्यावर, पलंगाखाली, दुकानांच्या मागच्या खोल्यांत पडलेले असतात, आणि माझी मुलगी तिथे तिथे पोटावर सरपटत जाते.

याची सुरुवात तिच्या बाबांनी केली, हे मी त्यांना दर दोन महिन्यांनी ऐकवते. ते लिफ्टचे मेकॅनिक. मुलगी एकोणीस वर्षांची असताना एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनरूममध्ये, त्यांना एक काळी पेटी सापडली. आधीच्या कोणा मेकॅनिकच्या हत्यारांची असेल म्हणून घरी आणली. उघडली तर आत हे. चावी फिरेना. बापलेकींनी मोटर सोडवली, स्प्रिंगच्या डब्यातलं ग्रीस लाकडासारखं घट्ट झालं होतं, ते रॉकेलमध्ये भिजत घातलं, आणि चार दिवस माझ्या स्वयंपाकघरात रॉकेलचा वास. पाचव्या दिवशी तबकडी फिरली. त्या दिवशी तिचा चेहरा जसा झाला, तसा परीक्षेत पास झाली तेव्हाही झाला नव्हता.

पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका मोटरची स्प्रिंग डब्यातून सुटली आणि तिच्या मनगटावर चार टाके पडले. स्टीलची ती पट्टी सुटते तेव्हा चाबकासारखी येते. तेव्हापासून ती स्प्रिंगला हात घालते तेव्हा मी शेजारच्या खोलीत जाऊन बसते, आणि "झालं का?" असं इतक्या वेळा विचारते की शेवटी तिचे बाबा म्हणतात, तू आत ये, नाहीतर बाहेर तुझीच स्प्रिंग सुटेल.

तिचं खरं कसब दुरुस्तीत नाही, ओळखण्यात आहे. समोरचं यंत्र कोणत्या कारखान्याचं, साधारण कोणत्या वर्षाचं, हे ती नावाची पट्टी न बघता सांगते. चावीचं भोक पुढे आहे की बाजूला, दांडीचं वळण कसं आहे, कोपऱ्यांच्या पत्र्याला खिळे किती, झाकण कशाने तोलून धरलंय, हे सगळं ती बघते. त्यासाठी ती लॅबमधली हत्यारं वापरते. दाताच्या डॉक्टरांचा तो लांब दांड्याचा छोटा आरसा असतो ना, तो तिच्या खिशात कायम. यंत्राच्या पोटात आरसा घालून, बॅटरी मारून, "आ करा" म्हणते. मंडळात म्हणूनच तिचं नाव दातवाली.

मंडळ म्हणजे आठ-दहा वेडे लोक. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते घड्याळाच्या एका बंद झालेल्या दुकानामागच्या खोलीत जमतात. दुकान ज्यांचं होतं ते ऐंशीचे आहेत, त्यांना सगळे चावीवाले काका म्हणतात. त्या खोलीत लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, भिंतीला चौदा घड्याळं आणि त्यातली तीनच चालू. दुसरे मोठे गृहस्थ म्हणजे वकीलसाहेब. यांच्याकडे सत्तर यंत्रं आहेत आणि प्रत्येकात काहीतरी कमी आहे. बाकीचे हौशी.

त्यांची एक रीत आहे. नवीन यंत्र आलं की मालकाने नावाच्या पट्टीवर आधी कागद चिकटवायचा. कोणी बोलायचं नाही. मालकाने तर अजिबात नाही, कारण घराण्याच्या गोष्टी ऐकल्या की डोळे फितूर होतात, असं चावीवाले काका म्हणतात. सगळ्यांनी बघायचं, चिठ्ठीवर उत्तर लिहायचं, चिठ्ठ्या उलट्या ठेवलेल्या तबकडीत टाकायच्या. मग काका त्या वाचतात. यंत्र अस्सल असेल तर कागद निघतो. निरनिराळ्या कारखान्यांचे भाग कोणीतरी मागाहून एकत्र केलेले असतील, तर त्याला ते भेसळ म्हणतात. भेसळीला मान नाही. मालकाची हरकत नसेल तर तिचे भाग सुटे करून दुसऱ्या अपुऱ्या यंत्रांना देतात.

मात्र जो सर्वांत आधी भेसळ म्हणतो, पहिला स्क्रू त्यानेच फिरवायचा. ज्याला मोडायचंय त्याच्या हाताला आधी वजन कळू दे, असं काका म्हणतात.

मला या मंडळाची धास्ती वाटायची, ती वेगळ्या कारणाने. आमच्या मुलीला उत्तर आधी येतं आणि गणित मागून. शाळेतही तसंच. उत्तर बरोबर, पायऱ्या गायब, मार्क अर्धे. आणि बोलणं असं की समोरच्याला लागेल याचं भान नाही. या स्वभावापायी दोन लॅब सुटल्या, मैत्रिणी टिकल्या नाहीत. मंडळ हीच एक जागा, जिथून ती हसत घरी येते. तिथेही एखाद्या दिवशी ही तोंडघशी पडेल आणि मग रविवारसुद्धा घरात बसून राहील, हीच ती धास्ती.

तो दिवस येताना दिसलाच नाही. उलट मोठ्या थाटात आला.

एका रविवारी मंडळात एक बाई आल्या. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या पुढच्या, ताठ बसणाऱ्या. सगळे त्यांना लगेच टेलिफोनताई म्हणायला लागले. त्यांनी आणलेलं यंत्र गडद निळ्या रेक्झिनचं, कोपरे पितळी, आणि नावाची पट्टीच नाही. झाकायला काही नव्हतं. ताई सांगायला लागल्या की माझे वडील, तर वकीलसाहेबांनी हात वर केला, ताई, आधी चिठ्ठ्या. 

माझ्या मुलीने चार मिनिटांत चिठ्ठी टाकली. मोटर एका कारखान्याची, दांडी दुसऱ्याची, साउंडबॉक्स तिसऱ्याचा, पेटी तर कोणाचीच नाही. भेसळ. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या मागून पडल्या, सगळ्यांवर तेच. घरी येऊन तिने मला हे जिन्यातच सांगितलं, एकही चिठ्ठी वेगळी नव्हती, आई, आणि पहिली माझी. मी विचारलं, त्या बाई काय म्हणाल्या?  म्हणाली, काही नाही, म्हणाल्या नुसतं पडून राहण्यापेक्षा तिघांच्या कामी येऊ दे.

दांडी वकीलसाहेबांना हवी होती. पुढच्या महिन्यात यंत्र उघडायचं ठरलं.

आता यात माझा भाग एवढाच की माझं अक्षर चांगलं आहे. प्रत्येक यंत्राचं मंडळात एक कार्ड असतं. मुलगी बघताना फराटे ओढत टिपून ठेवते आणि मी ते स्वच्छ अक्षरात कार्डावर उतरवते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. निळ्या यंत्राचंही कार्ड मी लिहिलं, दोन्ही बाजू भरून. भाग सुटे करण्यापूर्वी कार्ड मोठ्याने वाचायचं असतं, म्हणजे नोंदीला सगळे साक्षी. एरवी काका वाचतात, पण त्यांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. त्यांनी निरोप पाठवला, अक्षर वहिनींचं आहे, वहिनींनीच वाचावं.

म्हणून मी पहिल्यांदा त्या खोलीत गेले. टेबलावर निळी पेटी उघडी, तबकडी काढून बाजूला ठेवलेली. टेलिफोनताई टोकाच्या खुर्चीत, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. वकीलसाहेबांनी दांडी गुंडाळायला मऊ फडकंसुद्धा आणलं होतं. माझ्या मुलीच्या हातात स्क्रूड्रायव्हर. तिचा अंगठा मुठीवर सारखा फिरत होता. हे ती लहानपणी फळ्यासमोर उभं केलं की करायची.

मी वाचायला लागले. पेटीची लांबी, रुंदी. रेक्झिनचा रंग. कोपरे. चावीचं भोक उजवीकडे. मोटर अमक्या कारखान्याची, दांडी तमक्या. कार्ड लांबलचक होतं. मुलीने स्क्रूड्रायव्हर पहिल्या स्क्रूच्या खाचेत टेकवला. मी पान उलटलं आणि वाचलं, "बोर्डाचे चार आणि दांडीचे तीन, सातही स्क्रू मूळ. लाकडावरचं जुनं पॉलिश स्क्रूच्या खाचांत उतरलेलं, अखंड, कुठेही तडा नाही."

स्क्रूड्रायव्हर खाचेतच होता. तो वळला नाही.

"आई, ते परत वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. मला वाटलं, माझ्याकडून लिहिताना चूक झाली. मी फराट्यांच्या वहीशी ताडून बघते असं म्हणणार, तेवढ्यात तिने हत्यार उचललं आणि टेबलापासून लांब ठेवलं, जणू ते तापलेलं होतं.

"खाचांतलं पॉलिश अखंड आहे. म्हणजे पॉलिश केल्यापासून हे कोणी उघडलेलंच नाही," ती म्हणाली. "मग भेसळ केली कोणी?"



वकीलसाहेबांनी फडकं टेबलावर ठेवलं. त्यांना वाद घालायला मिळाला की ते दहा वर्षांनी तरुण होतात. म्हणाले, साउंडबॉक्सला तर स्क्रूच लागत नाही, नुसता ओढला की हातात येतो. मुलगी म्हणाली मान्य, साउंडबॉक्सचं मी सांगू शकत नाही, मोटर आणि दांडीचं बोलतेय. मग ते म्हणाले, भाग बदलून झाल्यावर एखाद्या कारागिराने वरून नवं पॉलिश मारलं असेल तर?   एरवी या ठिकाणी तिने काहीतरी बोचरं बोलून वाद संपवला असता. या वेळी ती म्हणाली, "बरोबर आहे, तसं असू शकतं. मग बोर्डाखाली बघायला हवं."

पण चावीच्या भोकातून मोटरचा तुकडाच तेवढा दिसतो, बोर्डाची खालची बाजू बघायची म्हणजे उघडायचं, आणि उघडलं की पॉलिश तडकणार. जो पुरावा शिल्लक होता तोच मोडावा लागणार. सगळे एकदम बोलायला लागले. कोणी म्हणे एकच स्क्रू काढू, कोणी म्हणे नको. माझी मुलगी पेटीभोवती फिरत होती, वाकून, मान तिरकी करून. आणि मग तिने सुया ठेवायची छोटी वाटी चिमटीत धरून वर उचलली. वाटी नुसती बसवलेली होती. तिच्याखाली दोन बोटं जातील एवढं गोल भोक.

खिशातून आरसा निघाला.

आरसा आत, बॅटरी शेजारून आत, एक डोळा मिटलेला. मोटरचे बोल्ट तिने एकेक करून मोजले. म्हणाली, भोकांचा एकच संच आहे. आधी दुसरी मोटर असती तर तिची भोकं दिसली असती, नाहीतर बुजवलेली तरी दिसली असती. लाकूड साफ आहे. वकीलसाहेबांनी आरसा मागितला. त्यांनीही पाहिलं, बराच वेळ, आणि परत दिला. तिने आरसा आणखी आत, कडेला सरकवला.

"इथे काहीतरी लिहिलंय. पेन्सिलीने. उलटं दिसतंय." मग ती हसायला लागली, आरसा हातात तसाच. "एक्केचाळीस. आई, कार्डावर बघ, झाकणाच्या खिशाबद्दल मी काय लिहिलंय?"

मी ओळींवरून बोट फिरवलं. ओळ सापडली. झाकणातला रेकॉर्ड ठेवायचा जो खिसा, त्याच्या आत पेन्सिलीने ४१. पुढे तिचं मत, दुकानदाराचा आकडा असावा.

आता काका सोडले तर कोणी खुर्चीवर बसलेलं नव्हतं. झाकणातला आकडा आणि बोर्डाखालचा आकडा एकच, एकाच हाताचा, चारची काठी तशीच लांब. झाकण आणि बोर्ड वेगवेगळ्या ठिकाणचे असते तर हे जमलंच नसतं. कोणीतरी बाहेरून मोटरी आणि दांड्या विकत आणून, स्वतःच्या पेट्यांत पहिल्या दिवसापासून अशाच बसवल्या होत्या. वकीलसाहेबांनी फडक्याची घडी करून ते खिशात ठेवलं आणि म्हणाले, दातवाली, मी केस मागे घेतो.

मग मुलगी टेलिफोनताईंकडे वळली. मला माहीत होतं तिला हे किती जड जातं. "ताई, मी चुकले. तुम्ही त्या दिवशी वडिलांचं काहीतरी सांगत होतात. आता सांगाल का?"

ताई म्हणाल्या, सांगण्यासारखं फार नाही. वडिलांचं ट्रंका आणि बॅगांचं दुकान होतं. त्या पाच वर्षांच्या असतानाच दुकान गेलं. एवढं आठवतं की मागच्या खोलीत सरस उकळत असायचा, खोक्यांतून लोखंडी भाग यायचे, आणि वडील एकेक पेटी मांडीवर उलटी घेऊन आत काहीतरी लिहायचे. काय लिहायचे ते बघायला वाकलं की डोक्यावर हलकीच टपली बसायची. "आकडे असतील असं मला कधी वाटलंच नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं ते त्यात माझं नाव लिहितात." त्यांनी पर्स बाजूला ठेवली आणि आरसा मागितला. बाई वाकल्या आणि बघतच राहिल्या.

या सगळ्या गोंधळात चावीवाले काका एकटेच खुर्चीत बसून होते. डोळ्याला हिरवी पट्टी. त्यांनी विचारलं की पेटी निळी म्हणालात ना, मग कोपऱ्याच्या पत्र्याला पाच खिळे आहेत का. पाचच होते. ते म्हणाले, अशा दोन मी मोडल्यात. वीसेक वर्षांपूर्वी एक, आणि त्याच्या आधी एक. पहिला स्क्रू माझाच.  माझी मुलगी त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि हळूच म्हणाली, काका, भाग कोणाकोणाला दिले ते कार्डावर असेल ना? असेल, ते म्हणाले, तेव्हा अक्षर माझं होतं, लागलं तर वाच. दोघंही हसले, आणि मग जुन्या कार्डांचा खण उघडला गेला तो अंधार पडेपर्यंत मिटला नाही.

घरी आल्यावर मी नवं कोरं कार्ड घेतलं, म्हटलं चुकीचं फाडून नीट लिहून देते. तिने नको म्हटलं. "भेसळ" या शब्दावर एक रेघ मारली, शब्द वाचता येईल अशी, आणि खाली मला लिहायला सांगितलं: एकाच हाताने जोडलेलं, ट्रंकवाल्याचं, क्रमांक ४१. साउंडबॉक्सबद्दल माहीत नाही. तिच्या एकाही कार्डावर "माहीत नाही" हे शब्द मी याआधी लिहिले नव्हते. तिच्या बाबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं, ही आपलीच ना?

एक्केचाळीस म्हणजे आधीचे चाळीस कुठेतरी असणार. मोडलेले दोन त्यातलेच धरले तरी राहिले अडतीस, आणि पुढचे किती ते देव जाणे. मंडळाने जिथे जिथे ओळख आहे तिथे निरोप धाडले. तीन आठवडे काही नाही. मुलगी जेवताना फोन ताटाशेजारी ठेवायची. मी रागावले तर म्हणायची, तू पण बघतेसच ना त्याच्याकडे. बघत होते.

काल सकाळी फोटो आला. इथून गाडीने चार तासांवर राहणाऱ्या एका शाळामास्तरांकडे माळ्यावर निळी पेटी आहे, नावाची पट्टी नाही. ती खुर्चीवरून उठली, "हेच," एवढं म्हणाली, आणि लगेच पुन्हा खाली बसली. फोटो मोठा करून कोपरे बघितले, खिळे मोजले, परत मोजले. मग मास्तरांना फोन लावला आणि फक्त एवढंच म्हणाली की सर, कृपा करून एकही स्क्रू फिरवू नका, मी येतेय.

उद्याची तिने लॅबमधून सुट्टी घेतली आहे. बाबांनी गाडीत हवा भरून आणली. रस्ता घाटाचा आहे, मास्तर कसे असतील काय माहीत, माळ्यावरची शिडी कितपत मजबूत, आणि ही स्प्रिंगला हात घालणार नाही असं म्हणते, पण म्हणते तसं करेलच असं नाही. म्हणून मीही जाणार आहे. दोघींचे डबे भरायचे आहेत, तिच्या खिशात आरसा आहे का तेवढं बघायचं आहे. कोरं कार्ड माझ्या पिशवीत आहे. मोजमापांच्या रकान्यांची नावं मी आत्ताच लिहून ठेवली, निकालाची जागा मात्र मोकळी सोडली आहे. तिनेच सांगितलं, ती ओळ तिथे पोचल्यावर लिहू.